तिसऱ्या तुकडीतली हिरा

"आज वार कोणता?"

डॉ. शिरगुप्प्यांनी विचारलं आणि हिरानं माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांच्या पाठीमागे उभी होते. ओठांनीच सांगितलं, बुधवार.

"बुधवार," हिरा म्हणाली.

"डोकं हिचं आपटलंय, उत्तरं तू कशाला देतेस?" डॉक्टर मान न वळवता म्हणाले. "जा, बाहेर बस."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दाराला नुसता पडदा होता, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. सकाळी काय खाल्लंस, हे हिराला सांगता येईना. शाळेच्या मैदानावरून दवाखान्यात कशी आलीस, तेही सांगता येईना. तासाभरापूर्वी सरावात खांबावर सूर मारताना तिचा हात निसटला होता आणि कपाळ खांबावर आदळलं होतं. थोडा वेळ पडून राहिली, मग उठून हसली आणि म्हणाली, "खो कुणाचा?" आम्हीही हसलो. मिनिटभरानं तिनं परत विचारलं, "खो कुणाचा?" तेव्हा मात्र आमचे खेळाचे बागवान सर सायकल घेऊन आले आणि तिला कॅरिअरवर बसवून दवाखान्यात आणलं. मी मागून पळत आले.

याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं आमचं गाव. आम्ही दोघी दहावीत. हिरा नायकवडी ही आमच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ मुलगी आणि मी, उज्ज्वला माने, कर्णधार. कर्णधार झाले ती खेळापेक्षा तोंडाच्या जोरावर. हिरा कमी बोलायची. काही ठरवायचं असलं की माझ्याकडे बघायची, मी सांगायचे आणि ती करायची. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, उजीनं सांगितलं तर हिरी विहिरीत उडी घेईल. मला ते ऐकून बरं वाटायचं. पंधरा वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं असतं!

तिची आई, अक्का, हळदीच्या वखारीतून तशीच आली. मनगटापर्यंत हात पिवळे होते. त्या हातांनी हिराला शिवावं की नाही, हे तिला कळेना.

"घाबरू नका, कवटी शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "पण नारळ आपटला आणि करवंटी फुटली नाही, म्हणून आत काही झालं नाही असं नसतं. मेंदूला हिसका बसलाय. त्याला विश्रांती हवी."

"किती दिस?" अक्कानं विचारलं.

"ते मी नाही, तिचं डोकं सांगेल. पहिले दोन-तीन दिवस घरात शांत पडून राहायचं. वाचन नाही, टीव्ही नाही, उन्हात जायचं नाही. डोकं दुखायचं थांबलं की सावकाश चालायचं. ते सोसलं की हळू पळायचं. मग एकटीनं सराव, आणि सगळ्यात शेवटी खेळ. एकेका पायरीला निदान एक दिवस द्यायचा. मधेच डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, की एक पायरी खाली यायचं. खेळायच्या आधी मला दाखवून जायचं."

"डॉक्टर, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आमचा जिल्ह्याचा अंतिम सामना आहे," मी पडद्यातून डोकं घालून म्हणाले.

"सामना दर वर्षी असतो," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून अक्कासमोर बसले. "बाई, एक नीट ऐका. हे भरून यायच्या आत दुसरा मार बसता कामा नये. साधासुद्धा नाही. पहिला मार पोरगी सोसेल. त्यावर दुसरा बसला, तर माझ्याकडे आणून उपयोग व्हायचा नाही."

त्यांनी एका कागदावर पाचही पायऱ्या लिहिल्या आणि तो मला दिला. "तू फार बोलतेस ना? मग रोज संध्याकाळी हिला विचारायचं आणि इथं लिहायचं. खरं ते लिहायचं."

मी तो कागद हिराच्या घरात भाताच्या शितांनी भिंतीवर चिकटवला. कुणाला खोटं वाटेल, पण ते आठ दिवस माझ्याइतकं कडक कुणी नव्हतं. खिडकीला अक्काचं जुनं लुगडं बांधलं. शेजारचा रेडिओ बंद करायला लावला. हिरा म्हणायची, "उजे, जेलरीण झालीस की गं." मी म्हणायचे, "गप पड." चौथ्या दिवशी ती बंधाऱ्यापर्यंत चालून आली. सहाव्या दिवशी मी तिला हळूच पळवलं, तर शंभर पावलांवर ती कपाळ धरून खाली बसली. मी कागदावर लिहिलं, 'डोकं दुखलं. एक पायरी खाली.' हिरानं ते वाचलं आणि रडली.

"रविवारी मी न्हाई का गं?"

"न्हाई. तू माझी चप्पल राखायचीस," मी म्हणाले.

त्या वेळी मी ते मनापासून म्हणाले होते.

शुक्रवारी आमच्या अंजनाला कांजिण्या आल्या. आमचा संघ केवढा, तर दहा जणींचा. हिरा वजा जाता नऊ, अंजना वजा जाता आठ. नऊ जणी मैदानात नसतील तर सामना समोरच्यांना बहाल करायचा, असं आयोजकांनी आधीच कळवलं होतं. नववी कुणी मिळते का म्हणून मी दोन वर्ग पालथे घातले. पण नावं महिन्यापूर्वीच गेली होती आणि त्यात आता नवं नाव चालणार नव्हतं.

"सोडून देऊ," बागवान सर म्हणाले. त्यांनी अकरा वर्षं या सामन्याची वाट पाहिली होती, पण आवाज अगदी साधा होता. "पुढच्या वर्षी बघू."

मला पुढचं वर्ष नव्हतं. दहावी झाली की माझं लग्न करायचं, असं घरात ठरत आलं होतं. फक्त एकदा, चांगल्या मूडमध्ये असताना, दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "विभागाला गेलीस तर कॉलेजचं बघू." विभागाला जायचं तर जिल्हा जिंकायला हवा होता. हे मी सरांना सांगितलं नाही. मी त्यांना दुसरंच सांगितलं.

"सर, हिराला तिसऱ्या तुकडीत घालू."

खो-खोत पळणाऱ्या नऊ जणी एकदम उतरत नाहीत. तिघी-तिघींच्या तुकड्या असतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी उतरते आणि ती संपली तरच तिसरी. आमचा डाव सात मिनिटांचा. पहिल्या दोन तुकड्यांनी सात मिनिटं काढली, तर तिसरीनं कडेला नुसतं बसून राहायचं. आम्ही पकडायला बसू तेव्हाही सोपं होतं. हिरा पाचव्या चौकोनात बसेल, पण तिला कुणी खो द्यायचाच नाही.

"आणि तिसरी तुकडी उतरायची वेळ आली तर?" सरांनी विचारलं.

"तर ती उभी राहील. पळायचंच नाही. समोरची येऊन हात लावेल, बाद होऊन बाहेर येईल. नुसता हात लागण्यानं काय होतंय सर?"

सर कितीतरी वेळ हातातली शिट्टी फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "तिच्या आईला विचारू."

डॉक्टरांना विचारू, असं कुणी म्हणालं नाही. मला सुचलं होतं. सुचलं म्हणूनच मी घाईनं सरांना घेऊन अक्काच्या घराकडे निघाले.

अक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकून तिनं सरांना नाही, मला विचारलं, "पळणार न्हाई न्हवं ती?"

"न्हाई अक्का. उभी ऱ्हाणार."

"माझं न्हाई ऐकायची ती. तुझं ऐकती. तू हाईस न्हवं तितं?"

"मी हाय की."

"मग जाऊ दे," अक्का म्हणाली. मग हिराकडे वळून म्हणाली, "उभं ऱ्हायचं. ऐकलंस? खांबावानी उभं ऱ्हायचं."

हिरानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, मग तिनं डोलावली. त्या संध्याकाळी भिंतीवरच्या कागदावर मी काही लिहिलं नाही.

रविवारी तालुक्याच्या मैदानावर माणसंच माणसं होती. चुन्याच्या रेषा उन्हात डोळ्यांत घुसत होत्या. मी हिराला सरांची टोपी घालून झाडाखाली बसवली होती. डोकं दुखतंय का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "थोडंसंच." मी म्हणाले, "बसायचंच तर हाय."

आमचा पळण्याचा पहिला डाव ठरल्यासारखा झाला. आमची पहिली तुकडी साडेचार मिनिटं टिकली, दुसरीतली एकच बाद झाली आणि शिट्टी वाजली. हिरा जागची हललीसुद्धा नाही. पकडताना मात्र अडचण झाली. पाचव्या चौकोनातली मुलगी उठत नाही, हे समोरच्यांच्या लवकरच लक्षात आलं आणि त्या हिराच्याच पाठीआडून पळू लागल्या. हिरा उकिडवी बसलेली, समोरून एकेक जण निसटून जातेय, आणि तिला हात लांब करायचीही बंदी. "उजे, दे की गं खो!" ती एकदा कळवळून म्हणाली. मी दिला नाही. तेवढं वचन मी पाळलं.

शेवटच्या डावाला आम्ही पळणाऱ्या होतो. आमचे गुण अकरा, त्यांचे चार. सात मिनिटांत त्यांनी आठ जणी मारल्या तर त्या जिंकणार होत्या. एवढ्या कुणी मारत नाही. मी, शकुंतला आणि बेबी, अशी पहिली तुकडी. मी साडेतीन मिनिटं काढली. आयुष्यात इतकी कधी पळाले नव्हते. बाद होऊन बाहेर आले ती हिराशेजारी आडवीच झाले.

"आता दुसरीनं काढायचं," मी धापा टाकत म्हणाले. "तू उतरत न्हाईस बघ."

दुसऱ्या तुकडीतल्या दोघी पहिल्या मिनिटातच खांबाजवळ कचाट्यात सापडल्या. तिसरी जिवाच्या करारानं पळाली, पण सहा मिनिटं वीस सेकंदांवर तीही गेली. दहा विरुद्ध अकरा. चाळीस सेकंद राहिली होती आणि तिसऱ्या तुकडीचं नाव पुकारलं गेलं.

रेहाना आणि मंगल आत धावल्या. हिरानं टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि चालत आत गेली. सर पलीकडे पंचांच्या टेबलापाशी होते. त्यांनी दोन्ही तळहात खाली दाबून खूण केली, उभी राहा.

समोरच्या संघातली कोळेकर नावाची उंच मुलगी सरळ हिराकडे निघाली. कोण कच्चं आहे, ते त्यांना ठाऊक झालंच होतं. हिरा हात खाली सोडून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ती पळाली.

काय पळाली ती! कोळेकरच्या हाताखालून गेली, दोघींच्या मधून गेली, एका पायावर गर्रकन वळली. माणसं उभी राहून ओरडायला लागली. दहा दिवस अंधाऱ्या खोलीत पडलेली मुलगी ती, पण पाय काहीच विसरले नव्हते. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत कोळेकरनं तिच्यावर सूर मारला. हात लागला नाही, खांदा लागला. हिरा कुशीवर पडली आणि तिचं डोकं मातीवर एकदा आपटलं. फार जोरात नाही. अशी आम्ही रोज पडायचो.

शिट्टी वाजली. आम्ही एका गुणानं जिंकलो.

मी धावत जाऊन तिला मिठी मारली. ती आपली आपण उठली होती. कोपर खरचटलं होतं, दुसरं काही दिसत नव्हतं.

"जिंकलो का गं?" तिनं विचारलं.

"जिंकलो हिरे, जिंकलो!"

"उजे, ऊन लई हाय गं," ती म्हणाली आणि माझ्या हातातच तिचे गुडघे दुमडले.

सरांनी कुणाचा तरी टेम्पो थांबवला. सांगलीपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एक डोळा उघडा होता, पण तो मला बघत नव्हता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरांना एकच विचारलं, "आधी कधी डोक्याला लागलं होतं का?" सर भिंतीला टेकून खाली बसले. त्यानंतर ते कधी मैदानावर उभे राहिले नाहीत. वर्षभरात बदली मागून निघून गेले.

हिरा एकोणीस दिवसांनी शुद्धीवर आली. उजवा हात गेला तो गेलाच. चालायला लागली, पण भिंतीच्या आधारानं. बोलणं जड झालं. जुनं सगळं आठवायचं, सामन्याचा दिवस मात्र पुसून गेला आणि नवं काही फार वेळ टिकेना. सकाळी सांगितलेलं दुपारी विचारायची. पंचवीस-तीस वर्षांची झाली तरी अक्का तिची वेणी घालून द्यायची आणि घालता घालता म्हणायची, "उभी ऱ्हा म्हणलं हुतं न्हवं? ठरलं हुतं न्हवं? मग का पळालीस गं बया?" कधी रागानं म्हणायची, कधी रडत. हिरा खाली मान घालून ऐकायची.

मी तिथं असायचे. एकदा अक्का मलाच म्हणाली, "तू तरी काय करणार बाई? पळणं तिच्या अंगातच हुतं." मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले.

दादांनी शब्द पाळला, मी विभागाला गेले आणि पुढे कॉलेजला. त्या प्रमाणपत्रावर खेळशिक्षिकेची नोकरी लागली. मैदानावर एखादीचं डोकं साधं टेकलं तरी मी तिला बसवते, पालकांना बोलावते आणि नारळाची गोष्ट सांगते. डॉक्टरची चिठ्ठी आणि पाचही पायऱ्या झाल्याशिवाय चुन्याच्या रेषेला पाय लावू देत नाही. पोरी मला पाठीमागे 'करवंटीबाई' म्हणतात. म्हणू देत.

गेल्या मार्गशीर्षात अक्का गेली. तेरावं झाल्यावर मी हिराला भेटायला गेले. तिच्या भावजयीनं ओट्यावर सतरंजी टाकून दिली आणि ती चहा ठेवायला आत गेली. हिराचे केस अर्धे पांढरे झालेत. वेणी घातलेली नव्हती. मी फणी मागून घेतली आणि तिच्या मागे बसले.

"उजे," ती थांबत थांबत म्हणाली, "आई माझ्यावर रागावूनच गेली गं."

"असं न्हाई हिरे."

"व्हय. ठरलं हुतं तरी मी पळाले. का पळाले, मला आठवतच न्हाई. तिला एकदा तरी सांगायचं हुतं, का पळाले ते. ती इचारून इचारून दमली."

फणी माझ्या हातात तशीच राहिली. हिराचं तोंड पलीकडे होतं, म्हणून मला बोलता आलं असेल.

"तू उभी हुतीस, हिरे," मी म्हणाले. "हात खाली सोडून, खांबावानी उभी हुतीस. कोळेकर चार पावलांवर आली हुती. तू माझ्याकडं बघितलंस. तुला हात लागला असता तर बरोबरी झाली असती, आणखी एक डाव खेळावा लागला असता आन् आपण हरलो असतो. मी वरडले. 'पळ हिरे, पळ' म्हणून वरडले. म्हणून तू पळालीस."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी तयार होते. थोबाडीत मारली असती तर ती मी अठ्ठावीस वर्षं मागत होते.

"म्हंजे मी आधी आईचं ऐकलं हुतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आन् मग तुझं ऐकलं?"

"व्हय."

ती विचार करत राहिली. सावकाश, एकेक पायरी चढल्यासारखा.

"मग माझं चुकलंच न्हाई की गं!"

"न्हाई हिरे. तुझं कायसुद्धा चुकलं न्हाई."

तिचा चेहरा उजळला. शाळेत असताना हसायची तशी ती हसली. डावा हात भिंतीला लावून, धडपडत उठली. मी धरायला गेले तर माझा हात तिनं बाजूला सारला.

"आई!" तिनं घरात हाक मारली. "ए आई, भाईर ये! उजी काय सांगतीया, ऐक!"

आत चहाचं भांडं वाजायचं थांबलं. उंबऱ्याच्या आत, समोरच्या भिंतीवर अक्काचा हार घातलेला फोटो मला दिसत होता. हिरा दाराकडे बघत उभी राहिली. कुणी आलं नाही, तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.